चाखलंय मी

त्या शनिवारी सकाळी मला भीती होती ती दह्याची. काकडीकडे माझं लक्षही नव्हतं.

दही आंबट झालं असेल तर? माझ्या धाकट्या बहिणीला आंबट सोसत नव्हतं, आणि दही आंबट आहे की गोड हे मला कळत नव्हतं. म्हणून सहा वाजता उठून आधी मी डेअरीतून आणलेली आंबटपणा मोजायची कागदी पट्टी दह्यात बुडवली, रंग बदलेपर्यंत श्वास धरून उभी राहिले आणि तो रंग तक्त्याशी ताडून पाहिला. जुळला. मग दही मलमलच्या फडक्यात बांधून स्वयंपाकघरातल्या नळाला टांगलं. खाली पातेल्यात पाणी ठिबकायला लागलं.

घरच्या दह्याला पट्टी लावून बघणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. त्यामागचं कारण मी तीन महिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी डेअरीत चव तपासते. बावीस वर्षं तेच काम. दूध, दही, लोणी, आईस्क्रीम, जे काही डब्यात भरून गाडीत चढतं ते आधी माझ्या जिभेवरून जातं. तिथं मला जीभबाई म्हणतात, तेही तोंडावर. मला त्याचा राग नाही. खरं सांगायचं तर तोराच आहे. म्हणजे, होता. तीन महिन्यांपूर्वी मला साधा ताप आला, चार दिवसांनी गेला आणि जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. पाचव्या दिवशी चहा प्यायले तर नुसतं गरम पाणी. मीठ चाटलं तर वाळू. लिंबू चावलं तर फक्त दात आंबले.

डॉक्टरांना सांगावं तर ते कागदावर येणार, आणि कागद डेअरीत जाणार. येईल परत, येईल परत, असं स्वतःला बजावत राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि काम? चव तपासायला आम्ही चौघं एका टेबलाला बसतो, आणि सगळ्यांत जुनी म्हणून मी शेवटी बोलते. तीन चमचे तीन तोंडांत जाताना मी बघायची. एकाची भुवई हलायची, एकीचा ओठ आत जायचा, तिसरा घाईघाईनं पाण्याचा ग्लास उचलायचा. त्यावरून मी निकाल द्यायची आणि तीन महिन्यांत एकदाही तोंडघशी पडले नव्हते. पण रोज त्या टेबलाशी बसलं की तळहातांना घाम सुटायचा. तो मी टेबलाखाली साडीला पुसायची.

माझ्या बहिणीला सगळे छोटी म्हणतात. चाळिशी उलटली तरी छोटीच. तिच्या किडन्यांना जंतुसंसर्ग झाला होता. दहा दिवस हॉस्पिटलात काढून ती नवऱ्यासकट माझ्याकडे राहायला आली होती, कारण माझं घर हॉस्पिटलपासून पंधरा मिनिटांवर आणि त्यांचं पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. घरी पाठवताना डॉक्टरीणबाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या, पण बोट नाचवून सांगितल्या. एक, हिच्या पोटात अन्न गेलंच पाहिजे. वजन अडतीस किलो आहे, असंच उतरत राहिलं तर परत भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. दोन, उलट्या-जुलाब होता कामा नयेत.

"किडन्या आत्ता कुठे कामाला लागल्यात," त्या म्हणाल्या. "अंगातलं पाणी गेलं तर पुन्हा बंद पडतील, आणि या खेपेला चालू होतील अशी खात्री मी देणार नाही."

 पण अन्न जाणार कसं? तिच्या गोळ्यांनी तिला सगळंच कडू लागायचं. पाणी कडू, ब्रेड कडू, केळंसुद्धा कडू. घास तोंडात घेतला की तिचे डोळे भरून यायचे. मग आमच्यात एक पद्धत पडली. मी तिच्यासमोर आधी एक चमचा खायचा, तोंडात घोळवायचा आणि सांगायचं, "कडू नाही." मग ती डोळे मिटून खायची.

"तुझी जीभ सध्या लबाड झालीय," मी म्हणायचे. "माझ्या जिभेवर विश्वास ठेव."

आणि ती ठेवायची. मी काही वावगं करतेय असं मला वाटत नव्हतं. एक तर पदार्थ विकतचे, बंद डब्यातले असायचे. नाहीतर तिच्या नवऱ्याला आधी "मीठ बघा हो" म्हणून चमचाभर द्यायचं आणि त्यांचा चेहरा वाचायचा. तिचा नवरा बसच्या गॅरेजात आहे, त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. त्यांचा चेहरा वाचायला तर काही अक्कलच लागत नाही. मीठ जास्त झालं तर कपाळापर्यंत दिसतं.

शुक्रवारी संध्याकाळी छोटी अचानक म्हणाली, "ताई, तू मागे तो काकडीचा ग्रीक सॉस केला होतास ना? तो खावासा वाटतोय. गार गार."

पंधरा दिवसांत 'खावासा वाटतोय' हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता. मी हरखून गेले. तो सॉस आमच्या डेअरीनं दोन वर्षांपूर्वी डब्यात काढायचा घाट घातला होता, त्यासाठी मी तो घरी तीसेक वेळा करून पाहिला होता. डेअरीनं तो काही काढला नाही, पण आमच्या घरात मात्र राहिला. त्याचं खरं नाव घेताना छोटी दर वेळी शिंक आल्यासारखं करायची आणि आम्ही हसायचो. त्या संध्याकाळी मिस्त्री लगेच उठून गॅरेजात गेले आणि तिथल्या मागच्या भिंतीला स्वतःच लावलेल्या वेलाच्या दोन काकड्या घेऊन आले.

"बाजारातल्या फवारलेल्या नकोत तिला," ते म्हणाले. "आणि बघा तरी ताई, मी हॉस्पिटलात बसून होतो, दहा दिवस वेलाला टिपूस पाणी नाही, वर हे ऊन. तरी कशा धरल्यात!"

मी म्हटलं, वेल तुमच्यासारखाच चिवट आहे. आणि काकड्या फ्रिजमध्ये ठेवल्या.

शनिवारी मिस्त्रींची अर्धा दिवस ड्यूटी होती. ते सातलाच गेले. अकराच्या सुमाराला मी फडकं सोडलं. दही छान घट्ट झालं होतं, चमचा रोवला तर उभा राहिला. दुकानात ग्रीक योगर्ट म्हणून डबीत मिळतं ते हेच, फक्त यात दही घट्ट करायला वरून काही घातलेलं नसतं. मग काकड्या घेतल्या. दोन्हीची टोकं कापली, टोकानं कापलेला भाग गोल गोल चोळला, पांढरा फेस आला. त्यानं कडूपणा निघून जातो म्हणतात. निघत नाही, हे मला डेअरीत शिकवलेलं आहे, तरी हात आपोआप चोळतो. आणि मग सवयीनं एक टोक तोंडात टाकलं.

गार लागलं, ओलं लागलं. बाकी काही नाही. कोरड्या विहिरीत पोहरा सोडल्यासारखं झालं.

तेव्हा मात्र हात थांबला. समोर वाचायला चेहरा नव्हता. विकतची काकडी नव्हती, डबा नव्हता, पट्टी काकडीला लागत नाही. शेजारी एक शाळेतल्या बाई राहतात, त्या शनिवारी घरी असतात. त्यांना हाक मारावी, एवढं टोक चाखून बघा म्हणावं, असं मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं: काय म्हणून? जीभबाई काकडी चाखायला शेजारीण बोलावते? ती विचारेल, ती हसेल, ती आणखी चार जणींना सांगेल. मी दाराकडे दोन पावलं गेलेही होते. परत फिरले.

दोन पावलं. मी आजही ती मोजते.

काकड्या सोलल्या, मधल्या बिया काढल्या, किसणीवर किसल्या. किसाला चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवलं आणि धुतलेल्या फडक्यात घालून मनगट दुखेपर्यंत पिळलं. पाणी राहिलं तर सॉस पातळ होतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. अर्धी पाकळी लसूण ठेचून, लिंबाचे चार थेंब, ऑलिव्ह तेलाची धार, बारीक चिरलेला शेपू. सगळं दह्यात हलक्या हातानं कालवलं. पांढऱ्यात हिरवे ठिपके, वर तेलाची चमक. दिसायला असा झाला होता की उचलून डब्यावर फोटो छापावा.

छोटी उशीला टेकून बसली होती. तिनं वाटी पाहिली आणि हसली. मी नियमाप्रमाणे आधी चमचा घेतला, तोंडात घोळवला, मान डोलावली.

"कडू नाही. मस्त झालाय."

तिनं चमचा घेतला आणि तिचं सगळं तोंड आक्रसलं.

"ताई, कडू आहे गं हा."

"गोळ्यांमुळे."

"नाही, हे वेगळंच कडू आहे. पुढं लागतंय."

आता चेहरा वाचणारी मी, तीन महिने त्याच्यावर पोट भरणारी, समोरचा चेहरा काय सांगतोय ते मला वाचता येऊ नये? आलं होतं.  पण तिला रोज सगळंच कडू लागतं, रोज तिचं तोंड असंच होतं, असं मी मनाला समजावलं. आणि नाक-नळीची भीती माझ्या मानगुटीवर बसलेली होतीच. वाटी परत गेली तर ती आज काहीच खाणार नाही.

"चाखलंय मी, छोटे," मी म्हटलं. "मी सांगतेय ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग लहानपणी औषध घ्यायची तसं नाक धरलं आणि खाल्लं. एकेक चमचा गिळताना तिचे खांदे वर यायचे. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती खात होती. मी प्रत्येक चमच्याला "शाब्बास" म्हणत होते. बारा चमचे. वाटी चाटून-पुसून रिकामी झाली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या कपाळाचा पापा घेतला.

साडेबाराला मिस्त्री आले. हात धुऊन थेट स्वयंपाकघरात, कारण त्यांना भूक लागली की दम निघत नाही. मी किसणी घासत होते. फळीवर काकडीचं दुसरं टोक पडलं होतं, बोटभर लांब. त्यांनी ते उचलून तोंडात टाकलं, एकदा चावलं आणि सिंकमध्ये थुंकले. पुन्हा थुंकले. नळाखाली तोंड धरलं.

"हे काय कडूजहर! ताई, ही काकडी..."

माझ्या हातातून किसणी निसटली.  डेअरीत दर वर्षी अन्नसुरक्षेचा एक तास असतो, दर वर्षी मी तो अर्धवट झोपेत ऐकते, पण एक वाक्य डोक्यात राहिलं आहे: काकडी, दुधी कडू लागला तर गिळू नका, तो नुसता वाईट चवीचा नसतो, त्यात विष असतं, उलट्या होतात, जुलाब होतात, रक्तदाब पडतो. धडधाकट माणूस एक दिवस आडवा होतो. आत अडतीस किलोची बाई होती.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि माझा चेहरा बघून ते चाचरले. "तुम्ही चाखली होतीत ना? मग नसेल. मलाच सकाळपासून पित्त झालंय, तोंड कडू आहे. तुम्ही म्हणताय तर..."

मी काहीच म्हणाले नव्हते. सुटकेचं दार आपोआप उघडलं होतं, मला फक्त बाहेर पडायचं होतं. हो, तुमचंच पित्त. एवढं म्हटलं असतं तर त्या माणसानं स्वतःच्या जिभेवरचा विश्वास काढून माझ्यावर ठेवला असता, बायकोसारखाच.

"हॉस्पिटलला फोन लावा," मी म्हटलं.

त्यांनी लावला, स्पीकरवर. आम्ही बोलत बोलत छोटीच्या खोलीत आलो. ती पोटावर हात ठेवून कुशीवर झाली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती खाल्लं, कधी खाल्लं, आणि मग, "काकडी किती कडू होती? जरा कडसर, की तोंडात धरवत नाही अशी?"

"मला तर नाही धरवली," मिस्त्री म्हणाले. "पण माझं तोंड सकाळपासून बिघडलंय. ताईंनी चाखली होती, त्या डेअरीत चव तपासतात."

"मग त्यांना द्या. बाई, तुम्हाला कडू लागली का?"

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी चाखायचीच विसरले, असं म्हणावं का? तेवढंच म्हणावं. छोटी हॉस्पिटलात पोचेल आणि माझी मूठही झाकलेली राहील. मी तोंड उघडलं, आणि त्याआधी बिछान्यातून छोटीच बोलली. कळ दाबून, फोनला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं.

"ताईनं चाखलंय हो. माझ्यासमोर चाखलं. तिला कडू नाही लागलं. तिची जीभ चुकत नाही, माझाच दोष आहे."

"असं असेल तर," फोनमधून आवाज आला, "कदाचित गोळ्यांचाच..."

"मला चव लागत नाही," मी म्हटलं.

 मी पुन्हा म्हटलं, कारण पहिल्यांदा आवाज पुरता फुटला नव्हता. "मला चव लागत नाही. तीन महिने झाले. वासही नाही. मी चाखलं, पण मला काही कळलं नाही. मिस्त्रींचं खरं आहे. छोटीचंही खरं आहे. काकडी कडूच असणार."

मिस्त्री माझ्याकडे बघत होते, त्यांचा तो सरळ चेहरा, आणि तो वाचायचा मला धीर होईना. छोटीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"लगेच निघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उरलेली काकडी, सॉस, जे असेल ते घेऊन या. आणि कुणीही तिला उलटी करायला लावू नका."

लावायची गरज पडलीच नाही. गाडीत बसल्यावर पाचव्या मिनिटाला तिला पहिली उलटी झाली, सिग्नलला दुसरी. मी मागे तिचं डोकं धरून बसले होते. तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि खिडकीला टेकवलं. मिस्त्री आरशातून बघत होते आणि गाडी चालवत होते. रोज बसचे ब्रेक नीट करणारा माणूस, त्या दिवशी त्यांना एका ब्रेकचीही आठवण राहिली नाही.

तपासताना डॉक्टरीणबाईंनी छोटीलाच विचारलं, "कसं कडू होतं?" तोवर हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता.

"गोळ्यांचं कडू मागून येतं, घशातून," छोटी म्हणाली. दोन शब्दांमध्ये दम घेत होती. "पाणी प्यायलं की कमी होतं. हे पुढं लागलं. जिभेला चिकटून बसलं."

"मग खाल्लंत कशाला?"

 मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, तिथंच उभी राहिले.

दुपारभर उलट्या आणि जुलाब. दोन्ही हातांना सलाईन लावलं. रक्तदाब खाली आला, मग आणखी खाली. आणि पलंगाला खाली लघवीची एक पारदर्शक थैली अडकवली, त्यावर आकड्यांच्या रेघा. किडन्या चालू आहेत की नाहीत हे त्या थैलीवरून कळणार होतं. दर तासाला नर्स वाकून बघायची आणि लिहायची. तीन वाजता तळाशी बोटभर गडद पिवळं. चार वाजता तेवढंच. पाच वाजता तेवढंच. मी नर्सच्या चेहऱ्याकडे बघत होते, ती भुवईसुद्धा हलवत नव्हती. अशी माणसं आमच्या टेबलाला नकोत बाई, असं कुठून तरी मनात आलं, आणि मला स्वतःची किळस आली.

मिस्त्री एकदाच बोलले. बाकावर माझ्या शेजारी बसून, समोर बघत. "मी त्या वेलाला पाणी घातलं नव्हतं. त्यानंच कडू झाल्या." मी म्हटलं, तुमचा काय दोष. ते म्हणाले, "तुम्ही मला सांगितलं असतं ताई, तर मी थांबलो असतो की. चाखून गेलो असतो." एवढंच. ओरडले असते तर सोसलं असतं.

सहा वाजता थैलीतली रेघ हलली नव्हती. सात वाजता नर्सनं वाकून बघितलं, पुन्हा बघितलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली. मी बाकाची कड धरली. मी कुणाकडे काय मागितलं ते मला सांगता येणार नाही, पण जे देता येईल ते सगळं द्यायला तयार झाले होते, जीभ तर कधीच गेली होती. डॉक्टरीणबाई आल्या, थैली उचलून दिव्याकडे धरली. "थोडं वाढलंय," त्या म्हणाल्या. "थोडंच. पण वाढलंय." मिस्त्री खाली बसले ते जमिनीवरच.

रविवार तसाच गेला, रेघेरेघेनं. सोमवारी सकाळी मी डेअरीत फोन केला आणि साहेबांना सगळं सांगितलं.  मग त्यांनी विचारलं, "तीन महिन्यांत तुम्ही पास केलेला माल... बाकीच्या तिघांनी पण चाखला होता ना?" मी हो म्हटलं. "बरं," ते म्हणाले, "सध्या येऊ नका." फोन ठेवल्यावर मला रडू आलं नाही. मी परत जाऊन थैलीकडे बघत बसले.

मंगळवारी थैली अर्धी भरली. किडन्या चालू झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या, सलाईन एका हाताचं काढलं आणि म्हणाल्या, आता तोंडानं खायचं. वजन छत्तीस होतं. आज खाल्लं नाही तर उद्या नळी.

दुपारी गाळलेल्या भाज्यांचं सूप आलं. मी वाटी हातात घेतली, चमचा भरला, आणि तो माझा हात, तो निर्लज्ज हात, सवयीनं माझ्याच तोंडाकडे निघाला.

"ठेव," छोटी म्हणाली.

मी ठेवला.

तीन दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती. आवाज बारीक होता, पण चढलेला नव्हता. "मला कडू लागलं होतं, ताई. मला बरोबर लागलं होतं. तू माझा माझ्याच जिभेवरचा विश्वास उडवलास."

"छोटे, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते मला माहीत आहे. नळी नको म्हणून केलंस. मी रागावलेली नाही, रागवायला अंगात ताकद नाही." ती थांबली, दम घेतला. "पण तू समोर असलीस की मी तुझ्या तोंडाकडे बघते. आत्ताही बघतेय. तू मान डोलावशील आणि मी गिळेन. बाहेर थांब. त्यांना देऊ दे."

मी वाटी मिस्त्रींच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, माझ्याकडे न बघता पण हळूच घेतली. मी बाहेर आले. दार पूर्ण लागत नव्हतं, चार बोटं फट राहिली होती. मी भिंतीला लागून उभी राहिले, जिथून तिला मी दिसणार नव्हते आणि मला ती.

चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग तिचा आवाज.

"कडू आहे."

मिस्त्री गप्प. त्यांना काय बोलावं सुचत नसणार. त्यांना कधीच सुचत नाही. ती खाणार नाही. चमचा परत जाणार, वाटी परत जाणार, उद्या नळी, आणि परवा छत्तीसचं पस्तीस.  कडू नाही गं, गोळ्यांमुळे लागतंय, खा. इतकं सोपं होतं. मला तिला फक्त एवढंच सांगायचं होतं, आणि ते अगदी ओठांवर आलं होतं. मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि तशीच उभी राहिले.

 आत ती घोट तोंडात घोळवत असणार. मग तिनं गिळलेलं मला ऐकू आलं, आणि चमचा पुन्हा वाटीला लागला.